बिनशिटीचा कुकर

टण्ण! दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला आणि माझी तालीम तिथेच मोडली. खुशीने कुकरची शिटी फरशीवर पाडली होती. तिच्या बाहुलीला मुकुट हवा होता, आणि आमच्या प्रताप नगरच्या घरात मुकुटासारखी दिसणारी वस्तू ती एकच.

"ठेव जागेवर," मी म्हटलं आणि पुन्हा कुकरकडे टक लावून बसले. हसू नका! ही तालीमच होती. प्रायोगिक नाटकात अशीच असते.

खुशी झाल्यापासून मी रंगमंचावर पाय ठेवला नव्हता. पण कॉलेजात मी रडायला लागले की पहिल्या रांगेतल्या बायका पर्समध्ये रुमाल शोधायच्या, हे लक्षात असू द्या. आता परतायचं तर असं परतायचं, की पुण्यापर्यंत लोकांनी विचारावं, ही बाई इतके दिवस होती कुठे!

पुणं अशासाठी, की आम्ही ज्या नाट्यमहोत्सवात उतरलो होतो तो फिरता होता. मनीषनगरातल्या एका शाळेच्या सभागृहात आमचा पहिला प्रयोग. तिथे परीक्षकांनी निवडलं तर पुढचा थेट पुण्यात. मी मनातल्या मनात साडीसुद्धा ठरवून टाकली होती.

आमचा दिग्दर्शक सुमंत. इस्त्रीचा कुर्ता मुद्दाम चुरगळून घालणारा. त्याचं नाटक असं: एक स्त्री, एक कुकर, संवाद नाही. स्त्री कुकरसमोर बसते. तिसऱ्या शिटीला किंकाळी फोडते. संपलं! त्या किंकाळीत म्हणे समस्त स्त्रीजातीचा इतिहास होता. या इतिहासकाराला वरण कशाचं करतात हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, प्रयोगाला खरी तुरीची डाळ लावू. तर डोळे मिटून म्हणाला, "किती विदारक!"

प्रयोगाच्या दिवशी नवरा कामठीला ड्यूटीवर, म्हणून खुशीला घेऊन माझ्या सासूबाई, प्रेमिलाबाई, आल्या. नाटकाला जायचं म्हणून त्या ठेवणीतली पैठणी नेसल्या होत्या आणि मध्यंतरासाठी डब्यात चिवडा आणला होता. मध्यंतर नाही हे कळल्यावर त्यांचा अर्धा उत्साह तिथेच ओसरला.

पडदा उघडला. छोट्या शेगडीवर कुकर, समोर मी. मी पाहत बसले. वाफ निघायला लागली. फुस्स. मी पहिल्या शिटीची वाट पाहू लागले. फुस्स. वाफ जोरात, शिटी नाही. झाकणाकडे नीट पाहिलं. शिटीच नव्हती! ती घाईत लावायची राहिली असणार, आणि शिटीशिवाय किंकाळी कशी मारणार?

विंगेतून सुमंत हाताने खुणावत होता, ताण, अजून ताण. त्याला वाटलं, मी विराम घेते आहे. परीक्षकांतल्या एका दाढीवाल्याने मान डोलावली. माझे डोळे खरोखर भरून आले होते, पण ते डाळीच्या काळजीने. आतलं पाणी आटत होतं. करपल्याचा वास पहिल्या रांगेत पोहोचला, दुसऱ्या रांगेत पोहोचला. पन्नासेक सुशिक्षित माणसं नाकाला रुमाल लावून गंभीरपणे बसून राहिली. कुणी हललं नाही. कला होती ना!

तेवढ्यात सासूबाई उठल्या. खुशीच्या फ्रॉकच्या खिशातून निघालेली शिटी मुठीत घेऊन त्या तरातरा रंगमंचावर चढल्या.

"अपेक्षा, तुझं लक्ष कुठं हाय वं? वरण लागून राहिलं ना."

त्यांनी शेगडी बंद केली, पदराने कुकर धरून खाली उतरवला आणि प्रेक्षकांकडे वळल्या.

"इतके मोठमोठे लोक बसले तुम्ही. एकालेही वास नाही आला?"

माझी किंकाळी अजून शिल्लक होती. नाटक वाचवायचं म्हणून ती मी तेव्हा मारली. जीव तोडून!

सासूबाई दचकल्यासुद्धा नाहीत. "आता काहून ओरडते? केला ना बंद."

हास्याचा स्फोट झाला, मग टाळ्या, मग लोक उभे राहिले. दाढीवाले परीक्षक रंगमंचावर येऊन म्हणाले, प्रेक्षागृहातून उठून आलेली ती ज्येष्ठ स्त्री हा अलीकडच्या रंगभूमीवरचा सर्वांत धाडसी क्षण आहे. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर सुमंतने माझा हात दाबला आणि नम्रपणे म्हणाला, त्या क्षणावर त्याने फार मेहनत घेतली होती.

नाटक पुण्याला निवडलं गेलं. परवा सुमंत घरी आला. सासूबाईंच्या पाया पडला आणि मला म्हणाला की संहितेत थोडा बदल आहे: ती स्त्री आता रंगमंचावर नसेल. अनुपस्थिती जास्त बोलते. फक्त कुकर, आणि प्रेक्षकांतून येणाऱ्या प्रेमिलाबाई. मीही पुण्याला यायचंच, कारण शिटी खिशात घेऊन बसणाऱ्या खुशीला सांभाळायला कुणीतरी हवं.

सासूबाई म्हणाल्या, "मी येतो, पण चिवड्यासाठी मध्यंतर पाहिजे." ते लगेच मंजूर झालं.

आज दुपारी खुशीला थोपटत होते. म्हटलं, झोपली की हे लिहून काढावं. ती डोळे टक्क उघडे ठेवून पाहत होती. बाहुलीच्या डोक्यावर शिटी होतीच.

"आई, नाटक तं तू करत होती ना? आजी तं खरंच गॅस बंद करून राहिली होती. मग तिलेच काहून घेतलं?"