दोन नव्व्या आणि मागची खोली

त्या रविवारी जेवून उठताना मी एक छोटासा निर्णय घेतला: आज माघार घ्यायची नाही. निर्णय मनातल्या मनातच घेतला (मोठ्याने घेतलेले माझे निर्णय आमच्या घरात टिकत नाहीत) आणि हात पुसून पत्ते खेळायला बसलो.

प्रश्न मागच्या खोलीचा होता. खोली कसली, रिकामी खोकी आणि मोडका पंखा टाकायची जागा. पण सासऱ्यांच्या घराची दुरुस्ती निघाली, ते आणि माझी मेहुणी महिनाभरासाठी आमच्याकडे राहायला आले आणि त्या खोलीला एकदम भाव आला. बायकोला तिथे शिलाई मशीन ठेवायचं होतं. सासऱ्यांना व्यायाम करायचा होता. मेहुणी दातांची डॉक्टर, तिला पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता. आणि मला तिथे काहीही करायचं नव्हतं. खरं सांगतो, काहीही न करता बसायला घरात दुसरी जागाच उरली नव्हती. खुर्चीत टेकलो की कुणी तरी विचारणार, "रिकामे आहात का?"

बायकोच्या माहेरी वाद झाला की भांडत नाहीत, पोकर खेळतात. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा अशीच ठरली होती (मी पानं टाकून डाव सोडला होता). पैसे लावत नाहीत. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं लावतात. सगळ्यांना सारखी बटणं, दर डावाला प्रत्येकाचं एक बटण आधीच मध्ये, मग प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये पाच उघडी, आणि सगळी मिळून ज्याचा हात भारी त्याचा डाव. ज्याची सगळी बटणं जातील, त्याने महिनाभर चौघांची भांडी घासायची.

आता माझ्याविषयी. मी विमा कंपनीत कारकून आहे. 'धोका' हा शब्द दिवसभर लिहितो, पण घेत कधी नाही. समोर सासरे, म्हणजे रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. विनातिकीट माणूस डब्यात चढायच्या आधीच ते ओळखत असत. अशा माणसासमोर थापा मारायच्या म्हणजे काय, कल्पना करा. त्यात त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर पत्त्यांचा सराव केलेला दिसत होता. मेहुणीही सारखी जांभया देत होती, तोही मला डावपेचच वाटला.

पहिल्या डावात माझ्याकडे एक्का आला. सगळे म्हणाले, "पास," म्हणजे बटणं न वाढवता डावात राहिले. मी पानं टाकली.

"अहो, कुणी एक बटणही वाढवलं नाहीये," बायको म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हणालो. सगळे गप्प, म्हणजे सगळ्यांकडे काही तरी आहे, एवढं मला कळतं.

दुसऱ्या डावात मेहुणी म्हणाली, "भाऊजी, राहा ना या डावात. माझ्याकडे काही नाही." तिच्या दवाखान्यात ती 'अजिबात दुखणार नाही' असं याच आवाजात सांगते. मी पानं टाकली. तिसऱ्या डावात सासऱ्यांनी चक्क स्वतःची पानं मला दाखवली, तिर्री आणि पंजी. इतक्या उघडपणे पानं दाखवणारा माणूस केवढा खोल असेल, या विचाराने मला घाम फुटला. त्याही डावात मी पानं टाकली. असं करत करत दुपार संपत आली आणि माझी निम्मी बटणं गेली.

शेवटी बायकोने कपाळाला हात लावला. "हे असं संध्याकाळपर्यंत चालेल. हा शेवटचा डाव. जो घेईल त्याची खोली."

सासऱ्यांनी पानं वाटली. मी कोपरा उचलून पाहिलं. इस्पिक नव्वी, बदाम नव्वी. एक जोडी.

हात वाईट नव्हता, पण चांगला आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. मधली पानं एकेक उघडत गेली: दुर्री, सत्ती, चौकी. तिथपर्यंत माझ्या नव्व्या घरच्या मालकिणीसारख्या मिरवत होत्या. मग राणी आली. आणि शेवटी राजा. आता कुणाच्याही हातात एखादा राजा किंवा राणी असली की त्याची जोडी मोठी आणि माझं चंबूगबाळं आवरलंच.

तिघेही म्हणाले, "पास." पाळी माझ्यावर आली.

एक मन म्हणालं, पानं टाक. खोली नाही तर नाही, भांडी तरी घासावी लागणार नाहीत. शहाण्याने हातचं सोडू नये. दुसरं मन म्हणालं, अरे, लग्नाची तारीख सोडलीस, पडद्यांचा रंग सोडलास, आता उरलेलं आयुष्य शिलाई मशीनची घरघर ऐकत स्टुलावर काढणार आहेस का? मला स्वतःचा मनापासून राग आला. ती खोली मला हवी होती. फार हवी होती. आणि कुणीही दयाबुद्धीने दिलेली नको होती, जिंकून हवी होती.

"जावईबापू, विचार किती करायचा?" सासरे म्हणाले.

"चहा टाकू का?" बायकोने विचारलं.

मी दोन्ही हातांनी सगळी बटणं मध्ये ढकलली. "ऑल-इन," मी म्हणालो. आवाज साहेबांकडे रजा मागतानाचा निघाला, पण शब्द बरोबर निघाला.

मेहुणीने माझं वाक्य संपायच्या आत पानं टाकली. बायकोने टाकली. सासऱ्यांनी मात्र आपली पानं पाहिली, मधली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात हळूहळू बटणांकडे सरकू लागला. तेवढ्यात टेबलाखालून माझ्या नडगीवर सणसणीत लाथ बसली. मी हूं की चूं केलं नाही. धमक्यांना भिऊन हलायचे दिवस संपले होते.

"बाबा," बायको दात आवळून म्हणाली, "पानं टाका."

"अगं, पण असली पानं..."

"बाबा."

त्यांनी पानं टाकली. चेहरा असा झाला होता, जणू विनातिकीट प्रवाशाला हात जोडून निरोप द्यावा लागला आहे.

मी जिंकलो होतो. पानं गोळा करायच्या निमित्ताने मी तिघांची उलटून पाहिली. मेहुणीकडे राजा आणि सत्ती, म्हणजे दोन जोड्या. सासऱ्यांकडे राजा आणि एक्का. आणि बायकोकडे दोन राण्या, मधली धरून तीन. तीन राण्या माझ्या दोन नव्व्यांसमोर पळाल्या होत्या. माझ्या चेहऱ्यात एवढी जरब आहे, हे ऑफिसात इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटलं. छाती पुढे काढून मी माझी खोली पाहायला गेलो.

दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबलो. खोकी नव्हती. पंखा नव्हता. झाडून पुसून लख्ख केलेल्या फरशीवर गादी होती, गादीवर माझी चादर, माझी उशी आणि उशाशी पाण्याची बाटली.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

"सकाळी, तुम्ही उठायच्या आधी," बायको म्हणाली. "घोरण्यापुढे तुम्हाला खोकी ओढल्याचा आवाजसुद्धा आला नाही."

"जावईबापू, आल्यापासून डोळ्याला डोळा नाही," सासरे म्हणाले. "हॉलमध्ये तुमच्या शेजारी झोपण्यापेक्षा इंजिनात झोपलेलं परवडलं."

"मग सरळ सांगायचं ना, तिकडे झोपा म्हणून."

"सांगितलं होतं मागे एकदा. आठवडाभर तोंड फुगवून बसला होतात," बायको म्हणाली. "म्हटलं, जिंकून गेलात तर आनंदाने जाल."

माझ्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडू लागला. "म्हणजे तुम्ही तिघं मुद्दाम हरलात?"

"दुपारपासून हरतोय, भाऊजी," मेहुणीने जांभई दिली. "तुम्ही जिंकायलाच तयार नव्हता."