तापमापकाची तब्येत

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दालमिलमध्ये, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शकुन नावाची कामगार तूरडाळ निवडता निवडता दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडली. शेजारीच तिची मावशी केशरबाई बसलेली. तिनं कमरेला खोचलेला कांदा फोडून पोरीच्या नाकाशी धरला, तिला भिंतीच्या आडोशाला निजवलं आणि तरातरा मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, आमच्या शेडात एक कूलर लावून द्या. तिसऱ्या डावाले पोरगी उठनार नाई."

मॅनेजर भगवंतराव कायद्याचा माणूस. "उकडतं, हे तुमचं मत झालं बाई. मोजमाप कुठाय?"

मोजमाप मात्र त्यांनी तातडीनं मागवलं, हे कबूल करायलाच हवं. आठ दिवसांत तापमापक हजर. डब्यावर सूचना होती: 'यंत्र ऊन, धूळ व उष्णता यांपासून दूर ठेवावे.' कारखान्यात अशी जागा एकच, साहेबांची एसी केबिन. तिथल्या भिंतीवर आकडा झळकला, चोवीस. लगेच फलकावर लागलं: 'कारखान्याचे तापमान २४ अंश. सबब कूलरची मागणी निकाली.'

एकदा चोवीस ठरल्यावर पुढचं ओघानंच आलं. शेडातला एकुलता एक पंखा अनावश्यक म्हणून उतरवला. घाम हा कामगाराचा वैयक्तिक स्वभावदोष ठरला. कांदा बाळगणं म्हणजे उष्णतेची अफवा पसरवणं, म्हणून गेटवर झडती सुरू झाली. आणि पंचवीसच्या खाली उबदार कपडे द्यावेत असं कलम सापडलं, तेव्हा तर बाप्पा, भर मे महिन्यात समारंभ करून बायकांना स्वेटर वाटले! शकुनच्या वाट्याला नेमका गळाबंद आला.

केशरबाईचं डोकं सणकलं. जेवणाच्या सुट्टीत केबिन रिकामी बघून तिनं तापमापक उचलला आणि शेडात आणून खिळ्याला टांगला. आकडा सत्तेचाळीसवर चढला, दोनदा लुकलुकला आणि यंत्र बंद पडलं.

भगवंतराव धावत आले. त्यांनी यंत्र खिळ्यावरून उतरवून छातीशी धरलं. "अरेरे! एवढ्या उकाड्यात ठेवलं बिचाऱ्याला? माणुसकी आहे की नाही तुम्हाला? पाणी आणा! अरे, कांदा आणा कोणी!"

"कांदा कुठून आनू? तुमीच तं गेटवर काढून घेता," केशरबाई म्हणाली. "आन् आता पाह्यलं ना सोताच्या डोळ्यानं? मंग मांगवा कूलर."

"आजच्या आज मागवतो!"

शब्दाचा पक्का माणूस. संध्याकाळी कूलर आला, चांगला हत्तीएवढा. दुरुस्त होऊन केबिनच्या भिंतीवर परतलेल्या यंत्राला पुन्हा त्रास नको म्हणून तो केबिनच्याच खिडकीत बसवला. त्यात बाहेरून, उन्हात उभं राहून पाणी भरायचं काम शकुनला मिळालं. ती तासाला चार बादल्या ओतते. स्वेटर अंगात असतोच, तो आता गणवेश आहे.

आकडा सध्या एकवीस आहे. डाळीच्या पाकिटावर तसं छापूनही आलं: 'थंड व आरामदायी वातावरणात निवडलेली.' तुमच्या घरी आलंच असेल एखादं. वरण थोडं खारट लागलं, तर मीठ कमी टाकत जा. एकवीस अंशात कोणाला घाम येत नाही, हे आपल्याला लेखी कळवलेलं आहे.