बाबांचं लोडशेडिंग

अपडेट आले की आपोआप होऊ द्यावेत, या मताचा मी आहे. आणि हे मत पगारी आहे. बर्मिंगहॅममधल्या एका बँकेत नवं सॉफ्टवेअर कधी सोडायचं हे ठरवणं माझं काम. "आधी अपडेटसोबतच्या नोट्स वाचा" हे मी लोकांना दिवसातून दहा वेळा ऐकवतो. तेव्हा घरातलं हीटिंग मोबाईलवर घेतल्या घेतल्या मी ऑटो-अपडेट चालू केलं आणि बायकोला, श्रद्धाला, ऐटीत सांगितलं, "आता या घराकडे बघायलासुद्धा नको."

बघितलं नाहीच.

जानेवारीत बाबा आले. परभणीचे, वीज मंडळातून निवृत्त. आई जाऊन चार महिने झाले होते आणि तिकडच्या घरात ते एकटेच होते. व्हिसा सहा महिन्यांचा होता. त्यांनी पुरते सहा महिने राहावं, एवढंच मला हवं होतं. बाबा मात्र आल्याआल्याच म्हणाले, "पंधरा दिवस बघतो. जमलं तर राहतो."

परभणीच्या उन्हात सत्तर वर्षं काढलेला माणूस थंडीनं पळून जाऊ नये, म्हणून मी घर बावीस डिग्रीवर ठेवलं. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बोट करून त्यांनी हे काय म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, "बाबा, त्याला हात लावायचा नाही. ते सगळं आपोआप होतं."

तिसऱ्याच दिवशी मोबाईलवर संदेश आला: तुमचं घर आता आणखी हुशार झालं आहे. खाली नोट्स होत्या. मी न वाचता 'ठीक' दाबलं आणि ऑफिसला गेलो. तिथे नोट्स न वाचणाऱ्या एका मुलीला झापलं.

तेव्हापासून सगळं कसं झकास चाललं होतं. अ‍ॅप मला रोज शाबासकीचं एक हिरवं पान द्यायचं. आम्ही दोघं संध्याकाळी सहाला घरी यायचो तर घर छान उबदार, आणि पाठोपाठ बाबाही बाहेरून यायचे. "कुठे गेला होतात?" विचारलं की म्हणायचे, "असंच. फिरून आलो." मी श्रद्धाला म्हटलं, "बघ, रुळले." बाबा जेवताना कानटोपी काढत नसत, पण ती आईनं विणलेली होती, म्हणून मी काही बोललो नाही.

बाराव्या दिवशी बाबा म्हणाले, "अवधूत, पुढच्या आठवड्यातलं तिकीट बघ."

"का? काय झालं?"

"काही नाही. तुमचं छान चाललंय."

झालं! मला वाटलं, श्रद्धाचे ओट्स नडले. श्रद्धाला वाटलं, माझा तुसडेपणा नडला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कचऱ्याच्या डब्यांविषयी बोललो. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते आणि मला त्यांना पंधरा दिवससुद्धा धरून ठेवता येत नव्हतं. फार वाईट वाटत होतं.

शनिवारी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी.

"हाय, मी सिया. लायब्ररीतून. मुरलीधर काका इकडे राहतो ना? सॉरी, माझा मराठी आजीकडून आहे, थोडा खराब आहे."

मी विचारलं, "बाबांचं पुस्तक राहिलंय का परत करायचं?"

"पुस्तक नाही. काका रोज आमच्या वॉर्म स्पेसला येतो. विंटरमध्ये ज्यांना घरी हीटिंग लावता येत नाही ना, त्यांच्यासाठी असते. सूप पण देतो आम्ही. काका दहा दिवस येतो. मग मला विचारायला लागते, इट्स माय जॉब. घरी सगळं ठीक आहे?"

मी उडालोच. तिला आत घेतलं, तिचा हात धरायचा तेवढा बाकी ठेवून रेडिएटरपाशी नेलं. "हात लावून बघ. गरम आहे की नाही?"

"आज तुम्ही घरी आहे," सिया म्हणाली.

एवढ्यात बाबा खोलीतून बाहेर आले आणि माझी बाजू घेऊ लागले. "अगं, पोरगा फार चांगला आहे. घरात लोडशेडिंग असतं, एवढंच."

"व्हॉट्स दॅट?"

"नऊ ते साडेपाच बंद ठेवतात."

"कोण?"

"हा. मोबाईलवरून. पण साडेपाचला बरोबर चालू करतो हं, एक मिनिट इकडेतिकडे नाही."

सियानं हातातल्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं. श्रद्धानं माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्यानं मोबाईल काढला आणि त्या नोट्स वाचल्या. दुसरीच ओळ होती: नोंदवलेले सर्व मोबाईल घराबाहेर गेले, की घर रिकामं समजून हीटिंग बंद केलं जाईल; ते घराकडे निघाले, की पुन्हा चालू होईल. नोंदवलेले मोबाईल दोन. माझा आणि श्रद्धाचा.

"बाबा, बोलला का नाहीत?"

"तू हात लावायचा नाही म्हणालास. आणि बत्तीस वर्षं मी लोकांची वीज घालवली रे. फोनवर शिव्या खायचो आणि म्हणायचो, सगळ्यांनी थोडं सोसायचं असतं. आता मी कुठल्या तोंडानं तक्रार करणार?" मग म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सियासमोरच मी बाबांचा मोबाईल नोंदवला. तिनं फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि चहा घेऊन गेली.

सोमवारी मी मुद्दाम घरून काम घेतलं. घर बावीस डिग्री, कानाला हेडफोन, समोर मीटिंग. साडेनऊला बघतो तर बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते.

मी माइक बंद केला. "आता कशाला जाता? दिवसभर गरम राहील."

"त्या यंत्राचं फार काही चुकलं नव्हतं रे. दिवसभर घरात कोणी नसतंच की. तिकडे ती पोरगी मोडकंतोडकं का होईना, बोलते. तिकिटाचं आता राहू दे. लायब्ररीवाल्यांचं ते मार्चअखेरपर्यंत चालू असतं, तोवर आहे मी."

"पण बाबा, आज मी आहे ना घरी."

"आहेस की," बाबा म्हणाले, आणि माझी मीटिंग चालू होती म्हणून आवाज न करता दार ओढून घेऊन गेले.