तीन पंगतींचे अण्णा

आमच्या चाकणच्या कंपनीत दुपारचं जेवण तीन तुकड्यांत होतं. साडेअकरा, साडेबारा, दीड. माणसं आपापल्या तुकडीत जेवतात आणि कामाला लागतात. स्टोअरचे दत्तूअण्णा तिन्ही तुकड्यांत जेवायचे.

चोरून नाही, राजरोस. पहिल्या तुकडीला वरणभात, दुसरीला तीन चपात्या नि भाजी, आणि तिसरीला ‘तुमच्या सोबतीला’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून. वजन एकशे बारा किलो. स्टोअरच्या दोन रॅकमधून त्यांना तिरकं चालावं लागायचं. कुणी बेअरिंगचा खोका मागितला की म्हणायचे, "भावा, तूच घे. मी आत अडकलो तर काढायला क्रेन लागंल."

जेवणावरून टोकलं की उत्तर ठरलेलं. "मी कुटं खातोय? हार्मोन खातंय." कुठल्याशा आरोग्य शिबिरात त्यांनी घ्रेलिनचं नाव ऐकलं होतं. ते पोटातून निघतं आणि मेंदूला भूक लागल्याचं कळवतं, एवढी माहिती त्यांना पुरली. अण्णांनी त्याचं ‘घरलीण’ केलं. "आज घरलीण लई खवळलीय," म्हणत ताट पुढे करायचे. वाढणारा हसायचा आणि जास्तच वाढायचा. आम्हीही हसायचो.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना स्टोअरमध्येच चक्कर आली. माझं क्वालिटीचं टेबल स्टोअरला लागून, म्हणून मीच त्यांना कंपनीच्या दवाखान्यात नेलं. रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हाही "तुमी चला राव संगं," म्हणाले.

डॉक्टरबाई सावकाश बोलत होत्या. "इन्सुलिन भरपूर तयार होतंय, पण शरीर त्याला दाद देत नाही. असंच चाललं तर मधुमेह फार लांब नाही."

"त्या घरलीणमुळं," अण्णा म्हणाले.

"घ्रेलिन? वजन जास्त असलेल्या माणसांत ते उपाशीपोटी बहुतेक कमीच असतं, अण्णा. जेवल्यावर उतरायला हवं तेवढं उतरत नाही, हे खरं. पण सगळा दोष त्याच्यावर टाकू नका."

इतकी वर्षं कामाला आलेली सबब गेली होती. अण्णा हळूच म्हणाले, "म्हंजे हाडकुळ्या माणसापरीस माझ्यात कमी. मग मला एवढी भूक लागती कशाची?"

बाईंनी उलट विचारलं, "रविवारी काय जेवता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "च्या घेतो. दोनदा."

"आणि जेवण?"

"रविवारी भूक लागत न्हाई."

वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला. रावेतच्या फ्लॅटमध्ये अण्णा एकटेच राहायचे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या ताटाशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता.

बाईंनी दुपारी एकदाच जेवायला सांगितलं, आणि अण्णांनी ते पाळलं. पहिल्या तुकडीत जेवायचे. पुढच्या दोन तुकड्यांना कॅन्टीनच्या दाराशी पाण्याचा पेला धरून उभे राहायचे. आत बोलावलं तर मान हलवायचे. दोन महिन्यांत सहा किलो उतरले. बोलणंही तेवढंच उतरलं. खोका मागितला की आता मुकाट्यानं बोट दाखवायचे.

मला राहवलं नाही. एका रविवारी दुपारी डबा घेऊन रावेतला गेलो. ओट्यावर चहाचं एक पातेलं सोडलं तर स्वयंपाकघर कुणी वापरत नसावं असं कोरडं होतं. अण्णांनी दोन ताटं काढली, धुतली, पुसली, टेबलावर समोरासमोर ठेवली. मग एक भाकरी आणि वांग्याची भाजी इतकी सावकाश खाल्ली, की हाच का तो माणूस असं मला वाटलं.

"आणखी घ्या," मी म्हणालो.

"नको. भरलं पोट." त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं.

मी हात धुतले आणि चपला घालायला लागलो.

"निघाला?"

"हो अण्णा. घरी वाट बघतायत."

अण्णा उठले नाहीत. डबा जवळ ओढून त्यांनी उरलेली भाकरी ताटात घेतली.

"बसा की राव जरा. माझं अजून जेवण व्हायचंय."