शिखरावरची चाळीस मिनिटं

क्लबच्या कामात आपल्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही, असं भालचंद्र दाणी सांगत. सांगणारे तेच आणि हिशेब ठेवणारेही तेच, त्यामुळे वाद होत नसे. दिल्लीतल्या एका गिर्यारोहण क्लबचे ते सेक्रेटरी. दर महिन्याला एक वक्ता, तासभर भाषण, मग सगळ्यांचं जेवण.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात त्यांनी मोठाच मासा गळाला लावला. बायकांच्या एका जुन्या हिमालय मोहिमेत शिखर गाठणारी मराठी बाई. मोहिमेच्या स्मरणिकेत नोंद होती, व्ही. साठे, शिखरावर चाळीस मिनिटं. गाझियाबादच्या टेलिफोन डिरेक्टरीतही एक व्ही. साठे निघाल्या.

"त्या मोहिमेत तुम्ही होता ना?"

"होते की."

"मग यायचंच. न्यायला मी येतो." झालं, फोन ठेवला.

"अहो, विषय तरी विचारायचा," त्यांची बायको वृंदा म्हणाली.

"शिखरावर गेलेल्या बाईला विषय काय विचारायचा?"

ठरल्या दिवशी संध्याकाळी ते गाडी घेऊन गेले. वीणा साठे साठीच्या, रिटायर्ड शिक्षिका. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर वही.

"बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो," गाडीत त्या म्हणाल्या. "सगळं लिहून काढलंय. पीठ किती नेलं, रॉकेल किती लागलं, उंचावर डाळ का शिजत नाही."

"अच्छा. आणि शिखर?"

"शिखरावर माझी जाऊ गेली, विजयालक्ष्मी. कॅनडात असते आता. मी बेस कॅम्पच्या वर गेलेच नाही. माझ्याकडे रेशन होतं."

यमुनेच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला होता म्हणून बरं, नाहीतर दाणींनी गाडी नेमकी कुठे घातली असती सांगता येत नाही. एका घरात दोन व्ही. साठे! बाईंना सांगावं, तर त्यांचं तोंड बघवणार नाही. न सांगावं, तर हॉलमध्ये साठ माणसं शिखराची वाट बघत बसलीयत. पूल संपला तरी त्यांचं ठरेना.

हॉलच्या दारावर भलामोठा बॅनर होता. 'शिखर पर चालीस मिनट: श्रीमती व्ही. साठे.' वीणाताईंनी तो वाचला. मग वही पर्समध्ये घातली.

"तुम्हाला विजू हवी होती."

दाणींनी मान खाली घातली. "हो. चूक माझी आहे."

"मला परत सोडाल का?"

"सोडतो. पण आधी ही चूक मला सगळ्यांसमोर सांगू द्या. मग तुम्हाला वाटलं तर बोला."

ते स्टेजवर गेले आणि जे झालं ते हिंदीत सांगून मोकळे झाले. लोक पोट धरून हसले. हसू ओसरलं तेव्हा वीणाताई माइकपाशी उभ्या होत्या. वही त्यांनी काढलीच नाही.

"आम्ही चौदा जणी होतो," त्याही हिंदीतच म्हणाल्या. "तिघी वर गेल्या आणि वायरलेस बंद पडला. दोन दिवस बर्फाचं वादळ. खाली अकरा जणी. स्वयंपाक मात्र मी चौदा जणींचाच करत होते. लीडर म्हणाली, रॉकेल वाया जातंय, अकराचाच कर. मी म्हटलं, अकराचा केला तर त्या तिघी येणार नाहीत हे मी कबूल केलं, असं होईल. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. विजूनं आधी विचारलं, जेवायला काय आहे? शिखराचं तिनं संध्याकाळी सांगितलं."

 प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. पनीर दोनदा गरम करावं लागलं. क्लबच्या अध्यक्षांनी तर त्या तीन ताटांचं काय केलं तेही विचारून घेतलं. सकाळी परत गरम करून सगळ्यांनी वाटून खाल्लं, वीणाताई म्हणाल्या.

 परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "विजूला हे कळवते. तिला माहीतच नाही, मी चौदाचा करत होते ते."

 त्या उतरताना दाणींनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते शहाणे होऊन फोनपाशी बसले. पुढच्या महिन्याचे वक्ते होते एक रिटायर्ड कर्नल, तीन शिखरं सर केलेले.

"कर्नलसाहब, माफ कीजिए, उन शिखरों पर आप खुद गए थे ना? बिल्कुल आप ही?"

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

डिसेंबरात क्लबचं नुसतंच जेवण झालं.