चौदा गाद्यांची खोली

देवाजींच्या नव्या स्लॅबच्या घरात एक शब्द बोलला की तीन ऐकू येत, आणि कानातलं मशीन त्या तिन्हींचा काला करून देई. एरवी ते मान डोलवून निभावून नेत. पण अहेरीला नर्स असलेली त्यांची लेक दिव्यानी रविवारी येणार होती. "बाबाले एक सांगाचं हाय, समोर बसून," असं तिनं फोनवर आईला म्हटलं होतं. ते तरी पुरतं ऐकू यावं, एवढाच देवाजींचा ध्यास.

गादी भरायला आलेल्या, सावली गावच्या अयूब गादीवाल्यानं खोलीत एक टाळी वाजवून पाहिली. "आवाज टप्पे खाऊन राह्यला, भाऊ. पिंजलेला कापूस त्याले पिऊन टाकते. गाद्या टांगा. भिंतीले चिपकवू नोका, मांगं चार बोटं जागा सोडा."

घरात गाद्या दोन, भिंती चार. देवाजी गावात गाद्या मागायला निघाले. आता गावात कुणी घरोघरच्या गाद्या गोळा करतो तो एकाच कामासाठी.

"लग्नाचे पाहुणे केव्हा येऊन राह्यले, भाऊ?" शेजारच्या निशानं विचारलं.

"पाहुणे नाई वं. भिंतीले टांगाच्या हायेत."

"सांगाचं नसंन तं नोका सांगू!" तिनं हसत आपली नवीकोरी गादी काढून दिली.

देवाजी खरं सांगत गेले आणि लोक डोळे मिचकावत गेले. शनिवारपर्यंत चौदा गाद्या जमल्या, आणि मुखरू बँडवाला तारीख विचारून गेला.

सुगंधाबाईंनी कपाळाला हात लावला. "पोरीले काय तोंड दाखवू? साऱ्या गावानं तिचं लगन लावलं!"

रविवारी एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत पाच बायकांनी "नवरी आली" म्हणत दिव्यानीवरून कडाकडा बोटं मोडली. ती रडकुंडीला येऊन आत शिरली आणि बापासमोर बसली. चारी भिंतींना गाद्या टांगलेली खोली कशी गपगार होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "माझं नि रोशनचं तुमाले कोनं सांगतलं?"

देवाजींना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीचा आवाज जसाच्या तसा आला होता. त्यांचे डोळे भरले.

"आयकू नाई आलं, बेटा. पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. रोशन संगंच काम करते, चांगला हाय, तुमी रागवान म्हनून भेव वाटत होतं. त्यांनी कानामागे हात धरून तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तेव्हा सुगंधाबाई दारातून ओरडल्या, "पुरे नं आता! सारं आयकू येऊन राह्यलं तुमाले. उतरवा त्या गाद्या, आता खरंच पाहुणे येतीन."

"त्याईले चटईवर झोपव," देवाजी डोळे पुसत म्हणाले. "जावई काय म्हनते, थे बी आयकाचं हाय मले."