सगळ्या मुहूर्ताच्या तारखा मोकळ्या

केनवडच्या हरीओमचं स्वतःबद्दल एक ठाम मत होतं. चूक कितीही खोल दडून बसली, तरी ती त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नाही! हे मत त्यानं घरी सांगितलं होतं, कटिंग करताना न्हाव्याला सांगितलं होतं आणि साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी होणाऱ्या सासऱ्यांनाही सांगितलं होतं. सासऱ्यांनी फक्त सुपारीचं खांड पुढे केलं. ते मंगरूळपीरचे, कमी बोलणारे.

हरीओमचं कामच चुका काढायचं होतं. पुण्याची एक कंपनी वेबसाइटला लागणारे तयार भाग बनवायची. घर बांधताना आपण दारं-खिडक्या तयार आणतो ना, तसंच. हरीओमच्या वाट्याला आला होता तारीख निवडायचा भाग, म्हणजे तिकीट काढताना पडद्यावर उघडतं ते छोटं कॅलेंडर. गिऱ्हाईकाला तो कसा चालतो ते कळावं म्हणून त्याचे नमुने कंपनीच्या वेबसाइटवर ठेवलेले असत. मालेगावची वैभवी हे नमुने लिहायची, हरीओम केनवडात बसून ते तपासायचा. त्यानं 'पास' म्हटलं की नमुना जगाला दिसायला मोकळा.

आधीच्या नमुन्यात कुठलंसं परदेशी हॉटेल होतं. वैभवीला त्याचा कंटाळा आला. तिच्या शेजारी फुलसिंगभाऊंचं लग्नसमारंभाचं हिरवाई लॉन होतं. भाऊ बरेच दिवस 'मले एक वेबसाइट करून दे' म्हणून तिच्या मागे होते, त्यासाठी त्यांनी लॉनचे फोटो आणि भरलेल्या तारखा तिला देऊन ठेवल्या होत्या. वैभवीनं ते सगळं नमुन्यात घातलं. मोकळ्या तारखा हिरव्या, भरलेल्या फिकट. हिरवी तारीख दाबा, 'बुक करा' दाबा, की 'अभिनंदन! आपली तारीख निश्चित झाली' असं दिसणार आणि वरून फुलं पडणार. फुलं पडण्यापलीकडे त्यातून काहीही होत नव्हतं. फुलसिंगभाऊंपर्यंत त्याची खबरसुद्धा जात नव्हती. नमुनाच तो!

फक्त नियम लिहिताना वैभवीचा हात घसरला आणि सगळं उलटं झालं. भरलेल्या तारखा हिरव्या झाल्या आणि मोकळ्या फिकट.

आता हे कोणी पकडायचं? हरीओमनं! त्यानं अख्खी दुपार घातली. एका ओळीपुढे जागा जास्त सुटली होती, ती पकडली. हिरवा रंग जरा गडद वाटला, तो पकडला. 'अभिनंदन' आणखी ठसठशीत हवं, फुलं सावकाश पडायला हवीत, हेही पकडलं. वैभवीनं निमूटपणे सगळं बदलून दिलं. पान उघडून एक तारीख दाबून पाहावी, एवढं मात्र या गृहस्थाला सुचलं नाही. कोड वाचला की पान आपल्याला डोळ्यांपुढे दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं 'पास' म्हटलं आणि तेवढ्यावर न थांबता पानाची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली: 'माझं काम. जगभर दिसून राह्यलं.' भावकीनं भराभर अंगठे दिले.

अंगठे देणाऱ्यांत त्याचे वडील पुंजाजीही होते, आणि पुंजाजी त्या वेळी वेगळ्याच घोरात होते.

हरीओमच्या होणाऱ्या बायकोच्या, वैजयंतीच्या, वडिलांना लग्न त्यांच्या दारी हवं होतं. पण साक्षगंधात पुंजाजींनी चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की मालेगाव दोघांना मधात पडते, लग्न तिथंच होईल, आणि लॉनचं माझ्याकडे लागलं. तिथी तर ठरलेली, पत्रिका जुळवून एकच निघाली होती. राहिलं होतं लॉन. पुंजाजी रोज सकाळी 'आज मालेगावले जातो' म्हणायचे आणि रोज काही ना काही निघायचं. अशात मुलानं पाठवलेल्या लिंकवर समोर हिरवाई लॉनच! त्यांनी चष्मा चढवला. पाहतात तर काय, मुहूर्ताच्या झाडून सगळ्या तारखा हिरव्यागार आणि अमावास्या, पितृपक्ष फुल्ल!

त्यांनी बायकोला, तुळसाबाईला, हाक मारली. "पाह्य वं, लोक पितृपक्षात लगन करून राह्यले. काय जमाना आला."

"करू द्या. आपल्याले चांगला दिवस सुटला नं," तुळसाबाई म्हणाली.

पुंजाजींनी ठरलेली तारीख दाबली, 'बुक करा' दाबलं. अभिनंदन! वरून सावकाश, अगदी हरीओमच्या पसंतीच्या वेगानं, फुलं पडली. बयाना, म्हणजे आगाऊ रक्कम, कोणी मागितला नाही, याचं त्यांना नवल वाटलं नाही. पोराची वेबसाइट म्हटल्यावर बापाकडून कोण बयाना घेईल? त्यांनी व्याह्यांना फोन करून मोबाइलवरच बुकिंग केल्याचं कळवलं आणि चुलतभावालाही तोच रस्ता दाखवला. चुलतभावाच्या गोलूचंही लग्न काढलेलं होतं. हरीओमला मात्र काही सांगितलं नाही. म्हाताऱ्याला मोबाइल जमत नाही म्हणतो काय, लग्नपत्रिका पाहूनच गार होऊ दे त्याला!

लग्नपत्रिकांचा गठ्ठा घरी आला. पहिली पत्रिका रिवाजाप्रमाणे कुलदैवतापुढे ठेवून झाली होती. एकदा ती देवापुढे गेली की त्यांच्या घरात तारीख हलत नाही. मग घर जळो की नवरदेवाला ताप येवो. दुसरी पत्रिका हरीओमनं सवयीप्रमाणे चूक काढायला हातात घेतली. मामाचं नाव जरा बारीक छापलं होतं, ते त्यानं लगेच पकडलं. मग तो स्थळापाशी आला: हिरवाई लॉन, मालेगाव.

"बाबा, हे लॉन कवा बुक केलं?"

पुंजाजी याच प्रश्नाची वाट पाहत होते. खुर्चीत रेलून ते म्हणाले, "तुह्याच वेबसाइटवर. दोन बोटाचं काम. तू उगाच दिवसभर त्या लॅपटॉपमधी डोकं घालून बसतं."

हरीओमनं पत्रिका खाली ठेवली. वडिलांना सांगावं तर ते पत्रिका घेऊन अर्धा गाव फिरून आलेले. न सांगावं तर लग्नाच्या दिवशी वरात कुठं न्यायची? मागच्या परसात जाऊन त्यानं वैभवीला फोन लावला. तिनं आधी कोड पाहिला, मग फुलसिंगभाऊंच्या तारखा पाहिल्या.

"दादा," ती म्हणाली, "उलटं पडलं. जे तारीख आपल्या पानावर हिरवी दिसते, त्या तारखेले लॉन भरलेलं हाय. पन तुमी तर तपासलं होतं नं?"

ताबडतोब दुरुस्त कर एवढंच तो म्हणाला आणि मोटरसायकल काढून मालेगावला सुटला. वाटेत त्याला एकच चिंता होती, आणि ती वडिलांची नव्हती. वैजयंती कृषी सहायक होती. पावसानं पीक गेलं की पंचनामा करायला ती चिखल तुडवत शेतात जायची. बांधावरून पाहून सही करणाऱ्यांची तिला चीड होती, हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आता तिला काय सांगायचं? की नवरदेवानं स्वतःच्या लग्नाची सही बांधावरूनच केली? ती लग्न मोडेल. मोडायलाच पाहिजे, असं त्याला मनापासून वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. वारा लागत होता हे खरं, पण सगळं काही वाऱ्याचं नव्हतं.

फुलसिंगभाऊ लॉनमध्ये खुर्च्या धुऊन घेत होते. तारीख ऐकल्याबरोबर त्यांनी मान हलवली. ती भरून कितीतरी दिवस झाले, मुलीकडचे लोक आहेत, एकदम पक्के. हरीओमनं त्यांचे हात धरले. त्या लोकांना दुसरा दिवस द्या म्हणाला. त्यांना सकाळचं लग्न लावू द्या, आम्ही सायंकाळचं लावतो म्हणाला. भिंत घालून अर्धं-अर्धं लॉन वाटून घेऊ, असंसुद्धा म्हणाला. भाऊंना त्याची दया आली.

"मी कसा सांगू भाऊ? तुमीच बोला त्याईच्यासंग," असं म्हणून त्यांनी नंबर सांगितला.

हरीओम एकेक आकडा दाबत गेला. शेवटचा आकडा दाबला आणि फोननं नाव दाखवलं: वैजयंती, पुढे लाल बदाम.

त्यानं नंबर पुसून पुन्हा दाबला. पुन्हा तोच बदाम. तिसऱ्यांदा दाबायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं फोन लावला.

"लॉनवरून बोलता काय?" वैजयंतीनं विचारलं. ती गालात हसत असावी.

"तुले कसं माहीत?"

"साक्षगंध झालं तवाच मी मालेगावले जाऊन बयाना देऊन आली. तुमचे बाबा पाहू-पाहू करत होते. म्हटलं, लॉन हातचं जायचं. त्याईच्या शब्दाले कमीपना नको म्हनून कोनाले सांगितलं नाई."

"अन् बाबानं मोबाइलवर बुक केलं हे तुले समजलं, तवा?"

"तवा मी तुमचं पान उघडून पाह्यलं. पितृपक्ष भरलेला अन् मुहूर्त मोकळे. एक तारीख दाबली तं समजलं. मंग म्हटलं, पाहू, तुमाले कवा समजते. लय दिवस लागले तुमाले."

हरीओम धुतलेल्या ओल्या खुर्चीवर मटकन बसला. लग्न वाचलं होतं! पॅन्ट भिजली, पण लग्न वाचलं होतं. लाज आणि आनंद एकाच वेळी इतके दाटून आले की त्याला हसू आवरेना, आणि फुलसिंगभाऊ काळजीनं पाणी घेऊन आले. वैजयंतीनं एकच अट घातली. पुंजाजींना यातलं काही कळू द्यायचं नाही. त्यांना वाटू द्यायचं की लॉन त्यांनीच मिळवलं.

तेवढ्यात वैभवीनं दुरुस्ती पाठवली. या वेळी हरीओमनं ती तिथंच, ओल्या खुर्चीत बसून, मोबाइलवर तपासली. आणि काय तपासली! प्रत्येक महिना उघडला, प्रत्येक तारीख दाबली, फुलसिंगभाऊंना तोंडी विचारून ताडून पाहिली. भरलेली प्रत्येक तारीख फिकट, मोकळी प्रत्येक तारीख हिरवी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं खऱ्या अर्थानं 'पास' म्हटलं आणि शीळ घालत तो केनवडला परतला.

घरी पोहोचला तर अंगणात भावकी जमलेली. पुंजाजी मध्ये उभे, हातात मोबाइल, चेहरा उजळलेला.

"ये, ये," ते म्हणाले. "कालपर्यंत आपली तारीख हिरवी दिसत होती. आता पाह्य, भरली दाखवते. पक्कं बुकिंग!"

हरीओम कौतुकानं हसला. वैजयंतीला दिलेला शब्द आठवून त्यानं मानही डोलावली.

"गोलूची बी तारीख भरली दाखवते," पुंजाजी पुढं म्हणाले. "त्याचा बाप भेत होता. त्याले म्हटलं, माह्या पोराचं काम हाय, डोळे मिटून छाप. आत्ताच पत्रिका टाकून आला तो छापायले."

हरीओमनं मोटरसायकल पुन्हा वळवली. तुळसाबाई मागून चहाचं विचारत राहिली, पण त्याला आधी छापखाना गाठायचा होता.